बारा वर्षांचा मुलगा विशीतला कसा दिसतो?

अमेरिकेतल्या क्लीव्हलंड शहरात २२ नोव्हेंबर २०१४ रोजी, शनिवारी दुपारी, बागेत बसलेल्या एका माणसाने ९११ या आणीबाणीच्या क्रमांकावर फोन केला. कुणीतरी पिस्तूल काढून लोकांवर रोखतंय, असं त्याने कळवलं. पिस्तूल बहुधा नकली असावं आणि तो पोरगा बहुधा अल्पवयीन असावा, हेही त्याने त्याच फोनवर सांगितलं. या दोन गोष्टी गस्तीच्या गाडीपर्यंत पोचल्याच नाहीत. पोलिसांना कळलं ते एवढंच, की एक कृष्णवर्णीय पुरुष लोकांवर पिस्तूल रोखतोय. गाडी गवतावरून थेट त्याच्या पुढ्यात जाऊन उभी राहिली आणि दोन सेकंदांच्या आत टिमथी लोमन या पोलिसाने गोळी झाडली. टामिर राइस बारा वर्षांचा होता. त्याच्याकडचं पिस्तूल प्लॅस्टिकचे छर्रे उडवणारं खेळण्यातलं होतं. खेळणं ओळखू यावं म्हणून नळीच्या टोकाला जो नारिंगी भाग असतो, तो मात्र त्यावर उरलेला नव्हता. भावाकडे धावत आलेल्या चौदा वर्षांच्या बहिणीला पोलिसांनी खाली पाडलं, बेड्या घातल्या आणि गाडीत बसवलं. जखमी मुलावर प्रथमोपचार सुरू व्हायला जवळपास चार मिनिटं लागली, आणि तेही तिथे येऊन पोचलेल्या एफबीआयच्या एका अधिकाऱ्याने केले. दुसऱ्या दिवशी टामिर गेला. गोळीबारानंतर पोलिसांनी वायरलेसवर त्याचं वय कळवलं होतं ते अंदाजे वीस.

बारा आणि वीस या दोन आकड्यांमधल्या अंतरात अमेरिकेतला एक मोठा प्रश्न दडलेला आहे. कृष्णवर्णीय मुलांवर पोलीस बळाचा वापर करतात तेव्हा चर्चा बहुतेक वेळा दोनच गोष्टींभोवती फिरते: पोलीस वंशद्वेष्टा होता का, आणि मुलाचं वागणं चुकलं होतं का. दोन्ही प्रश्न महत्त्वाचे आहेत, पण त्यांच्या आधी विचारायचा प्रश्न तिसराच आहे. समोरचा माणूस लहान आहे हे पोलिसाला दिसलं का, आणि ते पाहण्याची सक्ती त्याच्यावर कुणी केली आहे का? अमेरिकेच्या कायद्याने लहान वयाला पुष्कळ संरक्षण दिलं आहे, पण ते कोर्टात आणि तुरुंगात. रस्त्यावर, पोलिसाचा हात कमरेच्या पिस्तुलाकडे जातो त्या क्षणी, हे संरक्षण जवळजवळ नाहीसं होतं. गोऱ्या मुलाला निदान समाजाच्या नजरेतलं बालपण तरी सांभाळून घेतं. कृष्णवर्णीय मुलाच्या वाट्याला तेही पुरेसं येत नाही. कायद्याने उघडी ठेवलेली ही जागा मग लोकांच्या प्रतिक्रियेने भरली जाते. ती प्रतिक्रिया कधी मुलाचं वय त्याला परत मिळवून देते, तर कधी मेल्यानंतरही त्याला आणखी मोठा करून टाकते.

आधी कायद्याने काय मान्य केलं आहे ते पाहू. गुन्ह्याच्या वेळी अठरा वर्षांखालच्या असलेल्या व्यक्तीला मृत्युदंड देता येणार नाही, असा निर्णय अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने २००५ मध्ये दिला. २०१० आणि २०१२ च्या निकालांनी अल्पवयीनांना सुटकेची आशाच नसलेली जन्मठेप देण्यावर मोठ्या मर्यादा घातल्या. या निकालांमागचं तर्कशास्त्र एकच होतं. किशोरवयीन मुलं उतावळी असतात, परिणामांचा विचार करण्याची त्यांची कुवत अजून घडत असते, दडपणाखाली ती मोठ्यांसारखी वागत नाहीत. २०११ च्या एका खटल्यात हाच विचार पोलिसांपर्यंतही पोचला. उत्तर कॅरोलायनातल्या तेरा वर्षांच्या मुलाची पोलिसांनी शाळेत चौकशी केली होती. पोलिसांसमोरून उठून निघून जायची मुभा आपल्याला आहे असं एखाद्या मुलाला वाटेल का, हे ठरवताना त्याचं वय विचारात घेतलंच पाहिजे, असं न्यायालयाने सांगितलं. म्हणजे चौकशीच्या टेबलापाशी तेरा वर्षांचा मुलगा कायद्याच्या दृष्टीने मूल ठरतो. तोच मुलगा बागेत पोलिसाच्या समोर आला तर त्याच्या वयाला तसा ठाम, बंधनकारक अर्थ उरत नाही.

बळाच्या वापराचा कायदा मुख्यतः दोन निकालांवर उभा आहे, आणि त्यातला पहिला एका मुलाच्याच मृत्यूतून आला. ऑक्टोबर १९७४ मध्ये मेम्फिस शहरात एडवर्ड गार्नर नावाचा कृष्णवर्णीय मुलगा एका घरात चोरी करून पळत होता. मागच्या अंगणात, सुमारे सहा फूट उंचीच्या जाळीच्या कुंपणापाशी, पोलिसाने त्याला टॉर्चच्या उजेडात पाहिलं. त्याच्याकडे शस्त्र नसावं अशी पोलिसाची बऱ्यापैकी खात्री होती. मुलगा कुंपणावर चढायला लागला तशी पोलिसाने गोळी झाडली आणि ती डोक्याच्या मागच्या बाजूला लागली. चोरीचा माल म्हणजे एक पर्स आणि दहा डॉलर. त्या काळी टेनेसी राज्याच्या कायद्यात अशा गोळीबाराला मुभा होती. १९८५ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ती काढून घेतली: पळणारा माणूस इतरांच्या जिवाला गंभीर धोका असल्याशिवाय त्याला ठार मारता येणार नाही. या निकालात एक बारीकशी नोंद आहे. पोलिसाला गार्नर सतरा-अठरा वर्षांचा वाटला होता. प्रत्यक्षात तो आठवीत शिकणारा, पंधरा वर्षांचा, पाच फूट चार इंच उंचीचा आणि जेमतेम पन्नास किलो वजनाचा मुलगा होता. टामिरच्या चाळीस वर्षं आधी झालेली हीच चूक न्यायालयाच्या कागदावर लिहिली गेली होती. तिला तळटीपेपलीकडे जागा मिळाली नाही.

दुसरा निकाल १९८९ चा. पोलिसाने वापरलेलं बळ योग्य होतं की नाही, हे त्या जागी असलेल्या वाजवी बुद्धीच्या पोलिसाच्या नजरेतून तपासावं, घटनेनंतर सुचलेल्या शहाणपणातून नव्हे, असं तिथे ठरलं. पोलिसाला क्षणार्धात निर्णय घ्यावा लागतो, हे न्यायालयाने आवर्जून नोंदवलं. यात तत्त्व म्हणून गैर काहीच नाही. गडबड झाली ती या निकालाच्या वापरात. कित्येक न्यायालयांनी आणि सरकारी वकिलांनी शेवटच्या क्षणावरच बोट ठेवलं. पोलिसाला त्या सेकंदाला भीती वाटली का? वाटली असेल तर प्रकरण तिथेच संपलं. तो सेकंद उगवला कसा, हे कुणी विचारायचं नाही. टामिरच्या प्रकरणात नेमकं हेच झालं. फोनवरची माहिती गाळणारी व्यवस्था, सुरक्षित अंतरावर थांबायचं सोडून गाडी मुलाला खेटून उभी करण्याचा निर्णय, आणि आधीच्या एका छोट्या पोलीस दलाने या कामाला लायक नाही असा शेरा मारलेल्या माणसाची भरती, या तिन्ही गोष्टी गोळी सुटण्याच्या आधीच्या आहेत. त्या दोन सेकंदांत लोमनसमोर फारसे पर्याय नव्हते हे मान्य केलं, तरी ते दोन सेकंद पोलीस दलानेच तयार केले होते हे नाकारता येत नाही.

या प्रकरणात पुढे काय झालं, तेही पाहायला हवं. अनेक मानवी चुका एकाच वेळी जुळून आल्या, असं सांगत सरकारी वकील टिमथी मॅकगिंटी यांनी खटला न भरण्याची शिफारस केली आणि डिसेंबर २०१५ मध्ये आरोप ठेवायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने, म्हणजे ग्रँड ज्युरीने, तो ठेवायला नकार दिला. २०१६ मध्ये क्लीव्हलंड शहराने कुटुंबाला ६० लाख डॉलर देण्याचं मान्य केलं, पण चूक कबूल केली नाही. ही रक्कम गेली ती अर्थातच करदात्यांच्या खिशातून. लोमनची नोकरी गेली २०१७ मध्ये, आणि तीही गोळीबारासाठी नाही, तर नोकरीच्या अर्जात आधीच्या नोकरीबद्दल खरी माहिती न दिल्याबद्दल. डिसेंबर २०२० मध्ये केंद्रीय न्याय विभागानेही प्रकरण बंद केलं. एका बारा वर्षांच्या मुलाच्या मृत्यूची व्यवस्थेने केलेली अंतिम नोंद अशी, की अर्जात खोटं लिहिलं होतं.

वय चुकण्याचा हा प्रकार एखाद-दुसऱ्या पोलिसापुरता आहे का? मानसशास्त्रज्ञ फिलिप अटिबा गॉफ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०१४ मध्ये प्रसिद्ध केलेलं संशोधन इथे मार्गदर्शक आहे. त्यांनी विद्यापीठातले विद्यार्थी आणि पोलीस अशा दोन्ही गटांची चाचणी घेतली आणि दोन्ही गटांत गोऱ्यांची संख्या जास्त होती. नऊ वर्षांपर्यंतची मुलं सगळ्यांना सारखीच निरागस वाटत होती. दहाव्या वर्षापासून फरक सुरू झाला, आणि कृष्णवर्णीय मुलं इतरांच्या तुलनेत कमी निरागस वाटू लागली. गंभीर गुन्ह्याचा संशय असलेल्या कृष्णवर्णीय मुलांचं वय तर विद्यार्थ्यांनी सरासरी साडेचार वर्षांनी जास्त धरलं. म्हणजे साडेतेरा वर्षांचा मुलगा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत सज्ञान होऊन बसतो. जॉर्जटाऊन विद्यापीठाच्या कायदा विभागाने २०१७ मध्ये मुलींबद्दल असाच अभ्यास केला. कृष्णवर्णीय मुलींना मायेची, आधाराची, संरक्षणाची गरज गोऱ्या मुलींपेक्षा कमी असते असं मोठ्यांना वाटतं, आणि ही समजूत पाचव्या वर्षापासूनच सुरू होते, असं त्यात आढळलं. असं वाटणाऱ्या माणसाच्या मनात द्वेष असेलच असं नाही. म्हणूनच हा प्रश्न चार वाईट पोलीस हुडकून काढल्याने सुटत नाही.

प्रत्येक प्रसंग गोळीपर्यंत जात नाही, आणि जे जात नाहीत ते बातमीतही येत नाहीत. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने २०२१ मध्ये सतरा राज्यांतल्या पंचवीस पोलीस दलांची कागदपत्रं तपासली. अकरा वर्षांत सोळा वर्षांखालच्या मुलांवर बळ वापरल्याच्या सुमारे तीन हजार नोंदी त्यांत मिळाल्या. देशातल्या मुलांमध्ये कृष्णवर्णीयांचं प्रमाण सुमारे १५ टक्के, पण या नोंदींमध्ये ते निम्म्याहून जास्त होतं. जून २०१५ मध्ये टेक्सासमधल्या मॅकिनी गावात पोहण्याच्या तलावापाशी मुलांची पार्टी चालली होती. तिथे एका पोलिसाने पोहण्याच्या कपड्यांतल्या पंधरा वर्षांच्या मुलीला जमिनीवर पालथं दाबून तिच्या पाठीवर गुडघे रोवले आणि धावून आलेल्या मुलांसमोर पिस्तूल काढलं. जानेवारी २०२१ मध्ये न्यूयॉर्क राज्यातल्या रॉचेस्टर शहरात नऊ वर्षांच्या मुलीला बेड्या घालून गाडीत कोंबताना पोलिसांनी तिच्या तोंडावर पेपर स्प्रे मारला. पोलिसाच्या अंगावरच्या कॅमेऱ्यात हा संवाद टिपला गेला आहे. पोलीस तिला म्हणतो, तू लहान मुलासारखी वागते आहेस. ती ओरडून सांगते, मी लहानच आहे! आपण लहान आहोत हे नऊ वर्षांच्या मुलीला पोलिसांना सांगावं लागतं, तेव्हा वेगळा पुरावा द्यायची गरज उरत नाही.

आता लोकांच्या प्रतिक्रियेकडे वळू. कायदा मुलाच्या बाजूने उभा राहत नाही तिथे शेवटचा आधार लोकांचा असतो, आणि शिकागोतल्या लक्वान मॅकडॉनल्डचं प्रकरण त्याचा सर्वांत स्पष्ट पुरावा आहे. २० ऑक्टोबर २०१४ च्या रात्री, हातात लहान सुरी घेऊन रस्त्यावरून चालणाऱ्या या सतरा वर्षांच्या मुलावर जेसन व्हॅन डाइक या पोलिसाने सोळा गोळ्या झाडल्या. तो अंगावर आला, असं पोलिसांनी सांगितलं. गाडीवरच्या कॅमेऱ्यात मात्र तो पोलिसांपासून दूर जाताना दिसत होता. हे चित्रण शहराच्या ताब्यात होतं. एप्रिल २०१५ मध्ये शहराने कुटुंबाला ५० लाख डॉलर मंजूर केले आणि चित्रण दाबून ठेवलं. एका पत्रकाराने माहितीच्या हक्काखाली कोर्टात धाव घेतली, न्यायाधीशांनी आदेश दिला, आणि तेरा महिन्यांनी, २४ नोव्हेंबर २०१५ रोजी, ते जगासमोर आलं. व्हॅन डाइकवर खुनाचा आरोप ठेवला गेला तो त्याच दिवशी. पुढच्या काही दिवसांत हजारो लोक रस्त्यावर आले आणि पोलीसप्रमुखांना पद सोडावं लागलं. १५ मार्च २०१६ रोजी, तिथे निवडून येणाऱ्या सरकारी वकिलांच्याही पक्षांतर्गत निवडणुका झाल्या. त्यांत शिकागोच्या सरकारी वकील अनिता अल्वारेझ आणि क्लीव्हलंडचे मॅकगिंटी या दोघांनाही मतदारांनी एकाच दिवशी घरी बसवलं. २०१८ मध्ये व्हॅन डाइक दोषी ठरला. शिक्षा पावणेसात वर्षांची झाली आणि २०२२ च्या फेब्रुवारीत तो सुटला. सोळा गोळ्यांपुढे ही शिक्षा अनेकांना अपुरी वाटली, पण लोकांनी आवाज उठवला नसता तर खटलाही उभा राहिला नसता.

लोकांच्या प्रतिक्रियेची दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. ऑगस्ट २०१४ मध्ये फर्ग्युसन गावात अठरा वर्षांच्या मायकेल ब्राउनला पोलिसाने गोळ्या घातल्यानंतर प्यू या संस्थेने जनमत आजमावलं. या घटनेने वंशाविषयी महत्त्वाचे प्रश्न उभे केले आहेत असं कृष्णवर्णीयांपैकी ८० टक्क्यांना वाटत होतं, गोऱ्यांपैकी फक्त ३७ टक्क्यांना. एकाच घटनेकडे पाहणाऱ्या दोन समाजांमध्ये एवढं अंतर असलं की मेलेल्या मुलाच्या चारित्र्याची चिरफाड सुरू होते. त्याने दुकानात काय केलं, त्याच्या रक्तात काय सापडलं, तो दिसायला किती दांडगा होता. क्लीव्हलंडच्या पोलीस संघटनेच्या अध्यक्षांनी टामिरची उंची आणि वजन जाहीरपणे सांगितलं आणि तो मोठ्या माणसाच्या शरीरातला बारा वर्षांचा मुलगा होता असं म्हटलं. वय चुकीचं वाचण्याची जी चूक आधी पोलिसाच्या नजरेत झाली, तीच आता समर्थन म्हणून मांडली गेली. उंच, भरल्या अंगाचं मूल असणं हा दोष ठरला. ज्या समाजात हे चालतं तिथे आईबापांना मुलांना लहानपणापासून शिकवावं लागतं, की पोलीस दिसला तर हात समोर ठेव, खिशात घालू नकोस, पळू नकोस, उलट बोलू नकोस. हे शिकवणारे आईबाप मुलाचं बालपण आपल्याच हातांनी थोडं कापत असतात, कारण तसं न करण्याची जोखीम त्यांना परवडत नाही.

या सगळ्यावर गंभीर आक्षेप घेतले जातात आणि त्यांना उत्तर द्यायला हवं. पहिला आक्षेप असा, की आंदोलक पुराव्याआधीच निकाल देतात. फर्ग्युसनच्या बाबतीत हे अंशतः खरं ठरलं. ब्राउन हात वर करून शरण येत होता या सांगण्याला विश्वासार्ह पुराव्याचा आधार मिळाला नाही, असा निष्कर्ष न्याय विभागाने मार्च २०१५ मध्ये काढला आणि पोलिसावर खटला भरला नाही. हे प्रामाणिकपणे मान्य केलंच पाहिजे. पण त्याच दिवसांत त्याच विभागाने फर्ग्युसन पोलिसांवर दुसरा अहवाल दिला. गावात कृष्णवर्णीय ६७ टक्के, पण थांबवलेल्या वाहनचालकांमध्ये ८५ टक्के आणि अटक झालेल्यांमध्ये ९३ टक्के. पोलिसी कुत्रा चावल्याच्या ज्या-ज्या प्रसंगात माणसाचा वंश नोंदला होता, त्या प्रत्येकात तो माणूस कृष्णवर्णीय निघाला. त्यात पडक्या घरात मित्रांची वाट पाहत थांबलेला चौदा वर्षांचा निःशस्त्र मुलगाही होता. एका प्रसंगाचा तपशील लोकांनी चुकीचा सांगितला, पण वर्षानुवर्षांचा अनुभव बरोबर सांगितला होता. तो अनुभव सरकारने ऐकावा म्हणून दंगल व्हावी लागली.

दुसरा आक्षेप आकडेवारीचा. हार्वर्डचे अर्थशास्त्रज्ञ रोलंड फ्रायर, जे स्वतः कृष्णवर्णीय आहेत, यांनी २०१६ मध्ये दाखवून दिलं की धक्काबुक्की, बेड्या अशा बळाचा वापर कृष्णवर्णीयांवर जास्त होतो, पण त्यांनी तपासलेल्या गोळीबारांत वांशिक फरक दिसत नाही. हा निष्कर्ष झटकून टाकण्यासारखा नाही. मात्र त्याची मर्यादा नंतरच्या संशोधकांनी नेमकी दाखवली. ही आकडेमोड पोलिसांनी आधी ज्यांना थांबवलं त्यांच्यापुरती असते. थांबवण्यातच भेदभाव असेल, किरकोळ कारणावरून कृष्णवर्णीय जास्त थांबवले जात असतील, तर पुढच्या टप्प्यावरचा हिशेब समान भासतो आणि आधीचा अन्याय झाकला जातो. मुलांपुरतं पाहिलं तर चित्र अधिक स्पष्ट आहे. ‘पीडिअ‍ॅट्रिक्स’ या वैद्यकीय नियतकालिकात २०२० मध्ये आलेल्या अभ्यासात २००३ ते २०१८ या काळातले बारा ते सतरा वयाच्या मुलांचे पोलीस कारवाईतले मृत्यू तपासले आहेत. पोलिसांच्या गोळीने मरण्याचा धोका गोऱ्या मुलांच्या तुलनेत कृष्णवर्णीय मुलांना सहापट होता. आणि हा अभ्यास करायलाही वैद्यकीय नोंदी चाळाव्या लागल्या, कारण पोलिसी बळाच्या वापराची देशव्यापी नोंद एफबीआयने सुरू केली ती थेट २०१९ मध्ये, आणि तिच्यात माहिती देणं पोलीस दलांवर बंधनकारक नाही.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. अमेरिकेत बंदुका घरोघरी आहेत, अल्पवयीन मुलंही बंदूक चालवतात, आणि समोरच्याचा जन्मदाखला तपासत बसायला पोलिसाला वेळ नसतो. एप्रिल २०२१ मध्ये ओहायोतल्याच कोलंबस शहरात एक सोळा वर्षांची कृष्णवर्णीय मुलगी दुसऱ्या मुलीवर सुरी उगारत असताना पोलिसाने गोळ्या झाडल्या आणि ती मरण पावली. दुसऱ्या मुलीचा जीव धोक्यात होता हे चित्रणात दिसतं. ग्रँड ज्युरीने पोलिसावर आरोप ठेवला नाही, आणि त्या शेवटच्या क्षणाबद्दल विचारी माणसांतही मतभेद आहेत. वयाचा विचार करा म्हणणाऱ्यांनी अशा प्रसंगाकडे पाठ फिरवू नये. मुलं कधीच धोकादायक नसतात, असं इथे कुणीच म्हणत नाही. म्हणणं एवढंच आहे, की धोका आहे की नाही हे नीट पाहायला लागणारा वेळ आणि लागणारं अंतर मुलांना मिळालं पाहिजे. क्लीव्हलंडच्या बागेत दुसरी कुठलीही व्यक्ती संकटात नव्हती. गाडी लांब उभी करून, आडोशाने, मोठ्याने हाक मारता आली असती. शिवाय ओहायोत सज्ञान माणसाला उघड्यावर बंदूक बाळगण्याची कायद्याने मुभा आहे. म्हणजे पोलिसांना तो वीस वर्षांचा वाटला होता, तरी केवळ पिस्तूल जवळ असणं हा गुन्हा नव्हता.

मग हा वंशाचा प्रश्न नसून पोलिसी पद्धतीचा आहे का, असं विचारलं जातं, आणि कृष्णवर्णीय पोलीसही गोळ्या झाडतात याकडे बोट दाखवलं जातं. खरं आहे, मेम्फिसमध्ये गार्नरवर गोळी झाडणारा पोलीस स्वतः कृष्णवर्णीय होता. पण त्यातून निघणारा निष्कर्ष उलटा आहे. एखादी समजूत समाजात इतकी मुरलेली असते की ती गणवेश घालणाऱ्या प्रत्येकाच्या नजरेत उतरते, आणि पोलिसाला कळवणाऱ्या नागरिकाच्याही. फेब्रुवारी २०१५ मध्ये अलाबामातल्या मॅडिसन गावात मुलाकडे राहायला गेलेले सत्तावन्न वर्षांचे एक गुजराती आजोबा सकाळी फेरफटका मारत होते. शेजारच्या कुणीतरी पोलिसांना फोन करून एक सडपातळ कृष्णवर्णीय माणूस फिरतोय असं कळवलं. पोलिसाने त्यांना जमिनीवर आपटलं आणि ते अंशतः अपंग झाले. मुलांकडे अमेरिकेला जाणाऱ्या मराठी आईवडिलांना हा प्रसंग परका वाटू नये. कृष्णवर्णीयांच्या लढ्याशी आपलं नातं जुनंही आहे. अमेरिकेतल्या कृष्णवर्णीयांच्या ब्लॅक पँथर संघटनेचं नाव आणि प्रेरणा घेऊन १९७२ मध्ये मुंबईत दलित पँथर उभी राहिली. जन्माने लादलेली ओळख माणसाच्या आधी त्याच्या दारात कशी पोचते, हे ती पिढी स्वतःच्या अनुभवातून जाणत होती.

यातून बाहेर पडण्याची वाट अगदीच अंधारात नाही. मे २०२५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ह्यूस्टनमधल्या एका प्रकरणात एकमताने सांगितलं, की बळाचा वापर योग्य होता का हे ठरवताना फक्त धोक्याचा शेवटचा क्षण पाहून चालणार नाही, संपूर्ण घटनाक्रम पाहावा लागेल. ते प्रकरण मुलाचं नव्हतं, आणि स्वतःच्या वागण्याने धोका निर्माण करणाऱ्या पोलिसाचं काय, हा प्रश्न न्यायालयाने तूर्त बाजूला ठेवला. तरीही घड्याळ गोळीच्या आधीपासून चालू करायचं, हे तत्त्व आता देशभर लागू झालं आहे. प्रामाणिकपणाने काय साधतं, हे टेक्सासमधल्या बाल्च स्प्रिंग्ज गावाने २०१७ मध्ये दाखवलं. पार्टीतून निघालेल्या गाडीत बसलेला पंधरा वर्षांचा जॉर्डन एडवर्ड्स पोलिसाच्या गोळीने मेला. गाडी पोलिसांच्या दिशेने मागे येत होती, असं आधी जाहीर झालं. अंगावरच्या कॅमेऱ्यात ती दूर जाताना दिसली. पोलीसप्रमुखांनी स्वतः चूक जाहीर केली, संबंधित पोलिसाला काढून टाकलं, आणि पुढच्याच वर्षी तो खुनाबद्दल दोषी ठरून पंधरा वर्षांसाठी तुरुंगात गेला. चित्रण दाबलं नाही, मुलाला बदनाम केलं नाही, तर सत्य बाहेर यायला तेरा महिने थांबावं लागत नाही.

उरलेलं काम स्पष्ट आहे. फोन घेणाऱ्याने ‘बहुधा अल्पवयीन’ हे शब्द गाळले तर ती गंभीर कसूर मानली जावी. समोर मूल असण्याची शक्यता असेल तिथे अंतर ठेवणं आणि वेळ घेणं हा पोलिसासाठी सल्ला नसून नियम असावा, आणि तो मोडला तर शेवटच्या क्षणाच्या भीतीची ढाल त्याला मिळू नये. अल्पवयीनांवर वापरलेल्या प्रत्येक बळाची सक्तीची, वयासकट नोंद व्हावी, आणि चित्रण ठरावीक मुदतीत खुलं व्हावं. या मागण्यांनी एकाही पोलिसाचा स्वसंरक्षणाचा हक्क जात नाही. २००५ मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने ठरवलं, की खुनाचा गुन्हा सिद्ध झालेल्या सतरा वर्षांच्या मुलालाही सरकार मृत्युदंड देणार नाही. कुठलाच गुन्हा सिद्ध न झालेल्या बारा वर्षांच्या मुलाला रस्त्यावर त्याहून कमी संरक्षण मिळत असेल, तर तो कायदा अपुरा आहे, आणि तो पुरा करण्याची जबाबदारी तो चालवणाऱ्या प्रत्येक नागरिकाची आहे.